डिपॉझिट कुणाच्या खिशात आहे, ते आधी बघा

पत्र थोडक्यात असं आहे. सांगलीजवळच्या एक निवृत्त शिक्षिका, त्यांचे पती, थोरली बहीण (अक्का) आणि बहिणीचे यजमान (दाजी) अशा चौघांनी सिंगापूरची सहल ठरवली. तीन रात्री क्रूझवर, तीन रात्री शहरात. माणशी १,३०,००० रुपये, चौघांचे ५,२०,०००. एजंट पुण्याचा, भाच्याचा मित्र. त्याला माणशी ४०,००० प्रमाणे १,६०,००० रुपये डिपॉझिट दिलं. त्यातले एक लाख चेकने गेले, साठ हजार त्याच्या यूपीआयवर. पावती म्हणाल तर व्हॉट्सअ‍ॅपवर ‘रिसीव्ह्ड विथ थँक्स’ एवढीच. सहलीला अजून चार महिने आहेत, पण उरलेली रक्कम तीन आठवड्यांत भरायची आहे. मध्येच दाजींची अँजिओप्लास्टी झाली आणि अक्का-दाजींचं जाणं रद्द झालं. एजंट म्हणतो, डिपॉझिट नॉन-रिफंडेबल आहे, फार तर वर्षभराची क्रेडिट नोट (रोख पैशांऐवजी तेवढ्या रकमेची, पुढच्या सहलीत वापरायची चिठ्ठी) देतो. पती म्हणतात, पैसे गेलेच आहेत तर आपण दोघं तरी जाऊन येऊ. नाहीतर फॅमिली डॉक्टरांकडून तुझ्याही नावाने आजारपणाचं सर्टिफिकेट आणू. आणि पैसे बुडालेच तर अक्कांनी भरावेत, त्यांच्यामुळे मोडलं. पत्राच्या अगदी शेवटी त्या लिहितात, ‘खरं सांगायचं तर मला पाण्याची भीतीच वाटते, पण हे कुणाला बोलले नव्हते. आम्ही काय करावं? सगळे पैसे परत मिळतील का?’

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. सगळे पैसे परत मिळतील असं मला वाटत नाही. पण सगळे गेले, हेही मला पटत नाही. नेमके किती हाती लागतील ते पुढच्या तीन आठवड्यांत तुम्ही कुणाला काय लिहिता आणि काय भरत नाही, यावर बरंचसं ठरेल.

तुम्ही तिघंही, म्हणजे तुम्ही, तुमचे यजमान आणि एजंट, त्या १,६०,००० रुपयांकडे एकगठ्ठा बघताय. एक तर परत मिळतील, नाहीतर बुडतील. पण हे पैसे एका जागी नाहीतच. तुम्ही घेतलंय ते पॅकेज, आणि पॅकेजमध्ये क्रूझची केबिन, विमानाची तिकिटं, सिंगापुरातलं हॉटेल, शहर फिरवायच्या बसचे पैसे, व्हिसा, विमा आणि एजंटची कमाई असं सगळं असतं. यातलं प्रत्येक बिल वेगळ्या दिवशी, वेगळ्या माणसाला जातं. सहलीला चार महिने असताना यातलं खरोखर किती भरलं गेलं असेल? सिंगापूरचा व्हिसा साधारणपणे जायच्या आधीच्या तीस दिवसांतच काढतात, म्हणजे तो खर्च अजून झालेला नाही. विम्याचं एजंटने ‘व्हिसाच्या वेळी बघू’ असं सांगितल्याचं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे तोही नाही. हॉटेलची खोली इतक्या आधी बहुतेक वेळा विनाशुल्क रद्द होते. राहिले विमान आणि क्रूझ. विमानाची तिकिटं तुमच्या नावाने निघाली असतील तर पीएनआर, म्हणजे तिकिटाचा बुकिंग क्रमांक, असेल. नसेल तर एजंटने ग्रुपसाठी काही जागा अडवून ठेवल्या असतील आणि त्यासाठी थोडी रक्कम भरली असेल. क्रूझ कंपनीला केबिनमागे डिपॉझिट गेलं असण्याची शक्यता खरी आहे, आणि ते बहुधा अडकेल. पण ते १,६०,००० नक्कीच नसणार.

म्हणून ‘नॉन-रिफंडेबल’ या एका शब्दावर मान डोलावू नका. नॉन-रिफंडेबल कोण म्हणतंय? क्रूझ कंपनी की एजंट? कंपनीचा नियम असेल तर तो कंपनीच्या कागदावर असतो. एजंटचा असेल तर तुम्ही पैसे भरायच्या आधी त्याने तो तुम्हाला दाखवला होता का? तुमच्या पत्रावरून तरी तुमच्या हातात ‘रिसीव्ह्ड विथ थँक्स’खेरीज काही नाही. अट आधी कळवलेलीच नसेल, तर तिच्यावर बोट ठेवून पैसे अडवणं त्यालाही सोपं जाणार नाही.

आता तारखेचं. या प्रकरणात सगळ्यात जास्त वजन तिला आहे आणि पत्रात ती अशीच जाता जाता आली आहे. क्रूझ कंपन्या रद्द करण्याचे पैसे टप्प्याटप्प्याने कापतात. जहाज सुटायच्या दिवसापासून मागे मोजत जायचं. अमुक दिवसांपेक्षा आधी कळवलं तर फक्त डिपॉझिट जातं, किंवा त्याहूनही कमी. त्यानंतर एकूण भाड्याचा काही हिस्सा, मग अर्धं, मग पाऊण, आणि शेवटच्या दिवसांत सगळं. पायऱ्या प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या, सवलतीच्या भाड्याच्या त्याहून कडक. पण रचना सगळीकडे हीच, आणि उरलेली रक्कम भरायची मुदत बहुधा यातल्याच एखाद्या पायरीच्या तोंडाशी असते. तुमची ती मुदत तीन आठवड्यांवर आली आहे. आज तुमचा धोका १,६०,००० रुपयांचा आहे. पूर्ण पैसे भरून मग रद्द केलंत आणि तेव्हा समजा अर्धी रक्कम कापायची पायरी लागू झाली, तर तोच धोका २,६०,००० चा होईल. आणि काहीच न करता गप्प बसलात तर? रक्कम न आल्यामुळे कंपनी स्वतःच बुकिंग रद्द करू शकते, आणि तेव्हा डिपॉझिट सोडवायला तुमच्या बाजूने बोलायला काही उरत नाही.

आणखी एक बारकावा. तुम्ही एजंटला फोनवर सांगितलंत तो दिवस सहसा धरला जात नाही. रद्द केल्याचं कंपनीकडे लेखी पोचलं तो दिवस धरला जातो. मध्ये शनिवार-रविवार आला, एजंट दुसऱ्या ग्रुपबरोबर बाहेरगावी गेला, त्याने ज्याच्यामार्फत केबिन घेतली त्या मोठ्या एजन्सीने मेल दोन दिवस उघडली नाही, की तुमची पायरी बदलली. मधल्या माणसांची ही साखळी प्रवाशाला दिसत नाही, पण तिच्या आळसाचे पैसे मात्र प्रवाशाच्या डिपॉझिटमधून जातात. म्हणून रद्द करायचं ठरलं की एजंटकडून कंपनीचं ‘कॅन्सलेशन कन्फर्मेशन’ मागून घ्यायचं. ते हातात येईपर्यंत बुकिंग जिवंत आहे असंच समजायचं.

यावरून यजमानांच्या सर्टिफिकेटच्या कल्पनेकडे येते. मला ती चुकीची वाटते हे उघड आहे, पण त्याहून मोठी अडचण म्हणजे ती निरुपयोगी आहे. रद्द करण्याचं शुल्क ठरवताना क्रूझ कंपनी बहुधा कारण विचारतच नाही. तुम्हाला ताप आला, मुलीचं लग्न ठरलं, की नुसता कंटाळा आला, कोष्टकात तारीख बघतात आणि पुढे जातात. आजारपणाचं कारण विमा कंपनी विचारते, आणि विमा तर तुम्ही घेतलेलाच नाही. म्हणजे खोटं सर्टिफिकेट दाखवायचं तरी कुणाला? उलट उद्या खरंच प्रवास विमा किंवा आरोग्य विमा काढायची वेळ आली, की हा कागद तुमच्याच अंगाशी येईल. ज्या दुखण्यावर तुम्ही सहल रद्द केली ते दुखणं लपवलं, असा आरोप पुसताना दमछाक होईल. डॉक्टरांनाही त्यात ओढू नका.

दाजींची कागदपत्रं मात्र खरी आहेत. ती वापरा, आणि फक्त अक्का-दाजींच्या केबिनपुरतीच वापरा. डिस्चार्ज कार्ड आणि ‘अमुक काळ लांबचा प्रवास टाळावा’ असं हृदयरोगतज्ज्ञांचं पत्र जोडून कंपनीला विनंती करता येते की शुल्क माफ करा, किंवा तारीख बदलून द्या. हा तुमचा हक्क नाही, कंपनीची मर्जी आहे. कधी कधी ऐकतात. पण चौघांचा मिळून एक गोलमाल अर्ज गेला, तर खऱ्या कारणाचीही किंमत जाते.

यजमानांचं दुसरं वाक्य मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ‘पैसे गेलेच आहेत तर जाऊन येऊ.’ ताई, जायचं ठरवलंत तर गेलेल्या पैशांत जाता येणार नाही, आणखी भरावे लागतील. तुम्हा दोघांचे ८०,००० भरून झालेत आणि १,८०,००० उरलेत. दोघांनी बसून एकमेकांना एवढंच विचारा की आज आपल्याला कुणी १,८०,००० रुपयांत ही सहल देऊ केली असती, अक्का-दाजींशिवाय, तर आपण घेतली असती का? ‘हो’ असेल तर खुशाल जा, आणि अक्कांसाठी काहीतरी छान घेऊन या. ‘नाही’ असेल, तर बुडणारे पैसे वाचवायला त्याच्या दुपटीहून जास्त रक्कम ओतण्यात काही हशील नाही.

याच ठिकाणी तुमच्या शेवटच्या ओळीबद्दल बोलायला हवं. पाण्याची भीती वाटते हे तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत. चौघांच्या उत्साहात विरजण नको म्हणून गप्प राहिलात, हे मी समजू शकते. पण आता दाजींचं आजारपण तुमच्यासाठी एक सोयीचा पडदा झालंय का, हे स्वतःला विचारून बघा. त्यात अपराधी वाटून घेण्यासारखं काही नाही, फक्त निर्णय कुणाच्या नावावर घेताय ते तुम्हाला तरी माहीत असावं. अक्कांना ‘तुमच्याशिवाय आम्हाला करमणार नाही म्हणून आम्हीही रद्द केलं’ असं सांगाल, तर आधीच धास्तावलेल्या त्या बाईच्या डोक्यावर आणखी एक ओझं पडेल. यजमानांना सरळ सांगा, मला भीती वाटते. कदाचित ते म्हणतील की मोठ्या जहाजात पाणी जवळ जाणवतच नाही, मधल्या मजल्यावरची केबिन घेऊ, तीन रात्रींचा तर प्रश्न आहे. तेही खोटं नाही. कदाचित असं ठरेल की क्रूझ नको, सिंगापूर तेवढं करू. हा तिसरा रस्ता पत्रात कुठेच नाही. पॅकेजमधली क्रूझ वगळून उरलेली सहल करता येईल का आणि भरलेले पैसे त्यात वळवता येतील का, हे एजंटला विचारायला काय हरकत आहे? त्यालाही पैसे परत करण्यापेक्षा ते आवडेल. अक्कांच्या केबिनचंही तसंच बघा. अनेक कंपन्या ठराविक मुदतीपर्यंत प्रवाशांची नावं बदलू देतात, पण कुठे केबिनमधल्या एकाचं तरी मूळ नाव राहावं लागतं, कुठे वेगळं शुल्क पडतं. भाचा आणि त्याची बायको त्या जागी जाणार असतील, तर आधी हे विचारून घ्या.

आता एजंटला काय लिहायचं ते. फोन नको. मेल करा आणि त्याचीच प्रत व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. मराठीत लिहिलं तरी चालतं. मजकूर साधारण असा ठेवा: ‘आपल्यामार्फत केलेल्या सिंगापूर क्रूझ सहलीच्या बुकिंगबाबत. चार प्रवाशांसाठी आम्ही १,००,००० रुपये चेकने व ६०,००० रुपये यूपीआयने भरले आहेत. कृपया पुढील गोष्टी तीन कामाच्या दिवसांत लेखी द्याव्यात. दोन्ही केबिनचे क्रूझ कंपनीचे बुकिंग क्रमांक व कन्फर्मेशन. रद्द करण्याच्या शुल्काचं कंपनीचं तारीखवार कोष्टक. आमच्या रकमेतून क्रूझ, विमान व हॉटेल यांना आजवर झालेला भरणा आणि त्याच्या पावत्या. आपलं स्वतःचं सेवाशुल्क. तसेच भरलेल्या रकमेची रीतसर पावती. ही माहिती मिळेपर्यंत उरलेल्या रकमेबाबतचा निर्णय आम्ही राखून ठेवत आहोत.’ बस. रागाचा एक शब्द नको, दाजींच्या तब्येतीचं वर्णन नको, भाच्याचं नाव तर नकोच.

पावती मागताना संकोच करू नका. बिल किंवा पावती न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. ओळखीतल्या व्यवहारात हाच कागद आधी गळतो आणि भांडण झालं की नेमका तोच लागतो.

कोष्टक आलं की गणित सोपं होतं. आजच्या तारखेला क्रूझ कंपनी जे कापेल ते वजा, विमानाचं जे खरंच गेलं असेल ते वजा, एजंटचं वाजवी सेवाशुल्क वजा, बाकी परत. सेवाशुल्काला नाही म्हणू नका. त्या मुलाने चार माणसांचं कोटेशन काढलं, फोन केले, जागा अडवल्या, आणि सहल मोडली की त्याचं कमिशनही गेलं. केबिनमागे दोन-चार हजार तो ठेवत असेल तर मी ते आनंदाने देईन. पण ‘सगळंच नॉन-रिफंडेबल’ म्हणत तो हॉटेलचे आणि व्हिसाचे न भरलेले पैसेही ठेवून घेत असेल, तर त्याला सेवाशुल्क म्हणता येणार नाही. विमानाची तिकिटं नावाने निघाली असतील तर एवढं लक्षात ठेवा की मूळ भाडं परत मिळणारं नसलं तरी त्यातले सरकारी कर आणि विमानतळाचं शुल्क परत द्यावं, असा भारतात विमान कंपन्यांना नियम आहे. क्रूझच्या बिलातही बंदर शुल्क, कर, आगाऊ घेतलेली टिप असे आकडे वेगळे असतात, आणि प्रवास झालाच नाही तर ते बहुतेक कंपन्या परत करतात. एजंटच्या हिशोबात हे आकडे हटकून विसरलेले असतात.

परदेशी टूर पॅकेजवर ऑक्टोबर २०२० पासून टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने विक्रीच्या वेळीच गोळा करायचा आयकर, घेतात. तुमच्या डिपॉझिटमध्ये तो धरला होता का ते विचारा. धरला असेल आणि सरकारकडे भरला गेला असेल, तर तो बुडालेला नाही. तो ज्याच्या पॅनवर जमा आहे त्याला आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो. त्याने अजून भरलाच नसेल, तर परत करायच्या रकमेत तो आला पाहिजे. पॅन कुणाचा दिलाय तेही बघा, कारण चेक यजमानांचा असेल पण निम्मे पैसे अक्कांचे आहेत.

एजंटने माहितीच दिली नाही, किंवा दिली आणि तरी पैसे अडवले, तर कायदा काय म्हणतो? भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ७४ सांगतं की करार मोडल्यावर ठरलेली रक्कम लिहिलेली असली तरी समोरच्याला मिळते ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेली रक्कम ही तिची वरची मर्यादा. मंगल कार्यालयाचं बघा. तुम्ही चार महिने आधी तारीख सोडली आणि त्याच मुहूर्तावर दुसरं लग्न लागलं, तर मालकाचं नुकसान किती झालं? सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या खटल्यात असाच प्रश्न विचारला होता. प्राधिकरणाने १९८२ च्या लिलावातला ७८ लाखांचा इसारा जप्त केला होता, आणि तोच भूखंड पुढे १९९४ मध्ये ११.७८ कोटींना विकला होता. नुकसान झालंच नाही तर इसारा ठेवता कशाचा, म्हणून तो परत करायला सांगितलं गेलं. चार महिने आधी सोडलेली केबिनही पुन्हा विकली जाऊ शकते, हा मुद्दा तुमच्या बाजूचा आहे. मात्र त्याच निकालात असंही आहे की नुकसान मोजणं खरंच अवघड असेल तर आधी ठरवलेली वाजवी रक्कम ठेवता येते. क्रूझ कंपनीने स्पष्ट दाखवलेलं आणि तुम्ही मान्य केलेलं छोटं डिपॉझिट न्यायालय सहज मोडून काढेल, असं समजून चालू नका. तुमचा जोर मधल्या माणसाकडे अडकलेल्या, पुढे न गेलेल्या पैशांवर असू द्या.

रस्ता असा आहे. लेखी मागणीनंतर पंधरा दिवस वाट बघा. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. ते निकाल देत नाहीत, पण मध्यस्थी करतात, आणि छोटे व्यावसायिक बऱ्याचदा तेवढ्यावर जागे होतात. नाहीच जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच करता येते, पुण्याला खेटे घालायची गरज नाही. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, आणि ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. तक्रारीत सेवेतली कमतरता आणि अनुचित व्यापारी प्रथा हे मुद्दे घ्या. ‘करारच अन्यायकारक आहे’ हा मुद्दा जिल्हा आयोगाच्या कक्षेत येत नाही, त्यासाठी राज्य आयोग आहे. हे माहीत नसल्याने चांगल्या तक्रारी उगाच लटकतात. १९७५ पासून काम करणारी मुंबई ग्राहक पंचायतही अशा बाबतीत मार्गदर्शन करते. तरी खरं सांगते, आयोगात वेळ जातो. एजंट ८० टक्के परत देतो म्हणाला, तर मी तिथेच थांबेन.

क्रेडिट नोटबद्दल. ती वाईटच असते असं नाही, पण तुमच्या परिस्थितीत मला नको वाटते. दाजी वर्षभरात समुद्रावर जाऊ शकतील की नाही हे त्यांचे डॉक्टरही आज सांगू शकणार नाहीत, आणि तुम्हाला तर पाण्याचीच भीती. शिवाय क्रेडिट नोट म्हणजे देणाऱ्याला दिलेलं बिनव्याजी कर्ज. तो धंद्यात राहिला तरच ते फिटतं. क्रूझच्या धंद्यात याची उदाहरणं आहेत. मुंबईहून २०१९ मध्ये गाजावाजा करत सुरू झालेली जलेश क्रूझेस पुढच्याच वर्षी बंद पडली आणि तिचं ‘कर्णिका’ जहाज गुजरातेतल्या अलंगला, जहाजं तोडतात तिथे, भंगारात गेलं. २०२२ च्या जानेवारीत गेंटिंग हाँगकाँग हा क्रूझ चालवणारा मोठा समूह दिवाळखोरीत गेला. कोविडचा काळ असामान्य होता हे कबूल, पण पुण्यातली एखादी छोटी एजन्सी बंद व्हायला कोविड लागत नाही. घ्यायचीच वेळ आली तर मुदत दोन वर्षांची, नाव बदलता येणारी, क्रूझच नव्हे तर कुठल्याही सहलीला चालणारी आणि न वापरल्यास रोख परत मिळणारी, असं सगळं लेखी घेऊनच घ्या.

ज्या वाचकांनी अजून पैसे भरलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडं. डिपॉझिट शक्यतो क्रेडिट कार्डाने भरा. कबूल केलेला परतावा आला नाही, किंवा सहलच झाली नाही, तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डावरून गेलेली रक्कम बँकेमार्फत परत, मागता येतो. यूपीआयने व्यक्तीच्या नंबरवर पाठवलेल्या पैशांना तशी सोय नाही. पण स्वतःहून रद्द केलं आणि अटीप्रमाणे पैसे कापले गेले, तर चार्जबॅकने काही होत नाही. विमा व्हिसाच्या वेळी नव्हे, डिपॉझिटबरोबरच घ्या, आणि त्यात सहल रद्द होण्याचं संरक्षण आहे का, जुन्या आजारांचं काय, हे वाचून घ्या. मत बदललं म्हणून कुठलीही नेहमीची पॉलिसी पैसे देत नाही. केबिनमधल्या दोघांपैकी एकाचंच रद्द झालं, तर राहिलेल्याला बहुधा दोघांचं भाडं भरावं लागतं, हेही आधीच विचारा. ‘दोनच केबिन उरल्यात, आजच भरा’ असं संकेतस्थळावर खोटंच लिहिणं केंद्र सरकारच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार निषिद्ध आहे, तरी ते दिसत राहतं. अशा वेळी आकडा नव्हे, रद्द करण्याचं कोष्टक आधी उघडा. कंपनीनेच फेरी रद्द केली तर चित्र उलटं असतं. तेव्हा क्रेडिट नोट नाकारून रोख मागायची. अमेरिकेच्या बंदरातून निघणाऱ्या जहाजांसाठी तर तीन दिवस किंवा त्याहून जास्त उशीर झाला तरी परतावा मागता येतो, तिकडच्या आपल्या लोकांनी हे लक्षात ठेवावं.

राहिला यजमानांचा तिसरा मुद्दा, बुडालेले पैसे अक्कांनी भरण्याचा. अक्का-दाजींच्या केबिनचे जे कापले जातील ते त्यांचे. तुमच्या केबिनचे कापले जातील ते तुमचे, कारण जायचं की नाही हे तुम्ही दोघं ठरवताय आणि तुमच्या केबिनला आजारपण झालेलं नाही. नावबदल जमला, किंवा विनंती मान्य होऊन अक्कांचे सगळे पैसे परत आले, तर त्यातलाही वाटा मागू नका. हा हिशोब यजमानांशी आजच करा, पैसे परत यायच्या आधी. आणि एजंटला मेलमध्ये दोन्ही केबिनचा परतावा वेगवेगळा दाखवायला सांगा, अक्कांचा खाते क्रमांक त्यांच्याकडून घेऊन त्यातच लिहा, म्हणजे त्यांची रक्कम थेट त्यांच्या खात्यात जमा होईल.